आठवा टाका

भिंगरीला एका जागी बसवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं. हे नाव त्याच्या आईने ठेवलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आता त्रेचाळिसावं सरत आलं, कानांवरचे केस पांढरे झाले, तरी नाव सुटलं नाही आणि खोडही. जेवताना त्याचा गुडघा हलायचा. चहा गार होण्याआधी तो तीनदा उठायचा. आणि अशा माणसाने जन्मभरासाठी काम धरलं ते वेल्डिंगचं, ज्यात निम्मा वेळ ज्योतीचा असतो आणि निम्मा नुसता थांबण्याचा.

थांबायला तो आईच्या गाण्यावर शिकला होता. आई गोधड्या शिवायची. एक टाका या कडेला, दुसरा त्या कडेला, म्हणजे कापडाला एकाच बाजूने ओढ बसत नाही, गोधडी वाकडी होत नाही. आणि दोन टाक्यांच्या मधे ती एक कडवं म्हणायची:

पहिला माझा टाका गं, उगवतीच्या अंगाला,
सुई गेली पुढं पुढं, दोरा मागं थांबला.

दुसरा माझा टाका गं, मावळतीच्या बाजूला,
घाई नको गं सईबाई, ऊब येऊ दे कापडाला.

अशी आठ कडवी होती. लोखंडालाही हेच लागतं, हे भिंगरीला पुढे कळलं. एकाच बाजूला जोडत गेलं की नळी त्या बाजूला वाकते. म्हणून एक टाका डावीकडे, मग कडवं, मग एक टाका उजवीकडे. कडवं संपेपर्यंत टाका पुरेसा निवतो. घड्याळापेक्षा हे बरं, कारण घड्याळाकडे बघितलं की भिंगरीचा धीर सुटायचा आणि गाणं मात्र मधेच सोडलं तर आई रागावेल असं त्याला अजूनही वाटायचं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्या शुक्रवारी सकाळी घरामागच्या शेडमधे, दोन लाकडी घोड्यांवर, त्याच्या बायकोच्या गाडीचा मागचा एक्सल आडवा ठेवला होता. मधे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा गोळा, चांगला कलिंगडाएवढा. त्याच्या दोन्ही कुशींतून निघालेल्या पोलादी नळ्या, कुणी दोन्ही हात पसरून वाट अडवावी तशा. कारखान्यात या नळ्या गोळ्यात नुसत्या दाबून बसवतात. बाजारहाटाच्या गाडीला तेवढं पुरतं. पण ही गाडी वर्षातून एकदा शर्यतीत डोंगर चढायची, घड्याळ लावून, आणि तिच्या पोटात आता मूळच्या दुप्पट ताकदीचं इंजिन होतं. एवढा जोर आला की नळ्या गोळ्याच्या आत फिरायला बघतात. त्यासाठी दोन्ही जोड गोलाकार शिवून घ्यायचे आणि पाठीवर छपराला असते तशी एक छोटी कैची बसवायची, म्हणजे एक्सलचा कणा ताठ राहतो.

आता यात खरी मेख बिडाची. पोलाद तापट, रागावतं आणि विसरतं. बीड सगळं मनात ठेवतं. त्याला आधी ज्योतीने हळूहळू तापवायचं, तापलेलं असतानाच टाके घालायचे, प्रत्येक टाक्यावर हातोडीने हलकं हलकं टोकायचं आणि शेवटी अख्खा एक्सल गरम वाळू-राखेच्या पेटीत पुरून झाकण लावायचं. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या पेटीकडे बघायचंसुद्धा नाही. लवकर हवा लागली की बीड तडकतं.

चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत आठ टाके. एकतीस टाके भिंगरीने गाण्यावर घातले. शेवटच्या फेरीचा सातवा झाला, आणि आठव्याचं कडवं ओठांवर यायच्या आधीच त्याचा हात खाली उतरला. ठिणग्या उडाल्या. झालं. घामाने डोळे चुरचुरत होते, खांदा भरून आला होता, आणि संपवायची ती जुनी खाज आतून ढकलत होती. एका कडव्याचा काय तो वेळ, त्याने मनाशी म्हटलं, आणि एक्सल पेटीत पुरला.

अकरा वाजता झाकण लागलं. साडेअकराला पेटीतून आवाज आला.

टिच्.

एवढाच. नख मोडावं तसा. शेडमधे दुसरं कुणी असतं तर त्याच्या लक्षातही आला नसता. भिंगरीच्या हातातला फडका जागीच राहिला.

कदाचित टाक्यावरची खपली उडाली असेल. कदाचित पेटीचा पत्रा ताणला असेल. पत्रा गरम झाला की कुरकुरतोच. किंवा कदाचित बीड तडकलं असेल. उघडून बघितलं की लगेच कळेल. आणि उघडून बघितलं की, तडकलं नसेल तरी, तडकेल.

तो पेटीजवळ गेला. झाकणाच्या कडीवर हात ठेवला. ऊब होती. हात काढला. पान्यांचा डबा उपडा करून त्याने पाने लहान-मोठे लावले. परत पेटीजवळ गेला. शेड झाडली. झाडलेली परत झाडली.

“जावईबुवा, जमिनीचं कातडं निघेल आता,” दारातून सासूबाई म्हणाल्या. त्या सुपात मटाराच्या शेंगा घेऊन आल्या होत्या, खुर्ची ओढून उन्हाच्या पट्ट्यात बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. जावयाशी त्यांचं पटायचं, कारण जावई घरात टिकत नसे आणि त्यांना सोबत लागायची ती फक्त टोमणे मारण्यापुरती. “काय पुरलंय एवढं त्या पेटीत? सोनं?”

“एक्सल आहे, आई. निवतोय.”

“मग निवू दे की. तुम्ही का तापताय?”

भिंगरी हसला नाही. त्याने कान पेटीला लावला.

“अगं बाई! बोलतोय का तो?”

“आई, तुम्हाला मघाशी आवाज आला का काही? टिच् असा?”

“मला? मला तर लेकीचा फोन वाजलेला ऐकू येत नाही.” त्यांनी शेंग फोडली. टिच्. भिंगरी दचकला. सासूबाईंनी हातातल्या शेंगेकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि सूप घेऊन त्या घरात गेल्या. उरलेले मटार त्यांनी आत, दार लोटून सोलले.

आवाज त्याच्या ओळखीचा होता, हेच तर दुखणं होतं. गेल्या वर्षी त्याने तो ऐकला होता.

गेल्या वर्षीचा एक्सलही त्यानेच शिवला होता, याच पेटीत पुरला होता. आणि त्या संध्याकाळी, हात शिवशिवायला लागले म्हणून, त्याने झाकण मूठभर उचललं होतं. एक नजर, बस. दारातून वाऱ्याची एक झुळूक आली आणि वाळूच्या आतून नख मोडल्यासारखा आवाज झाला. त्याने झाकण खाली टाकलं. सकाळी एक्सल काढला, वरून पुसला, डोळ्यांना काही दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं ठरवून त्याने तो गाडीखाली चढवला.

आणि गाडीत बसली होती चिमणी.

चिमणी म्हणजे त्याची बायको. अंगाने एवढीशी, गाडी चालवताना पाठीशी एक उशी आणि खाली एक. एरवी शाळेच्या मुलांची गाडी चालवायची, वीस पोरं आणि वीस दप्तरं, आणि एकाचाही डबा सांडत नसे. पण डोंगरावर गेली की तिच्या अंगात वारं शिरायचं. अर्ध्या चढावर पाण्याची टाकी आहे, तिथे रस्ता डावीकडे झपकन वळतो. त्या टाकीच्या वळणावर सगळे ॲक्सिलरेटरवरचा उजवा पाय उचलतात. चिमणी उचलायची नाही. तिची वेळेतली सगळी कमाई त्या एका वळणावरची होती.

गेल्या वर्षी त्याच वळणावर गाडीची पाठ फिरली. मागचं चाक रस्त्याकडेच्या दगडाला घासलं, गाडी गवताच्या भाऱ्यांत घुसली. चिमणीला खरचटलंसुद्धा नाही. तपासणीची माणसं म्हणाली, बाईंनी वळण जास्त कापलं, दगडाला चाक लागलं, एक्सल तुटला. चिमणीने मान हलवली. पण भिंगरीने तुटलेला गोळा उजेडात धरून बघितला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग ताजा होता, साखरेसारखा चमकणारा. आणि अर्धा काळा. काळा म्हणजे जुना. दगडाआधीचा. पेटीतला.

दुसऱ्या दिवशी तो गोळा भंगारात गेला, आणि त्याबरोबर ती गोष्टही गेली असं भिंगरीने धरून चाललं. पण गोष्ट भंगारात जात नाही. ती घरातच राहिली. चिमणी या वर्षीच्या सरावात दोन सेकंद मागे होती, आणि ते दोन्ही सेकंद टाकीच्या वळणावर सांडत होते. तिचा पाय उचलला जायला लागला होता.

साडेचारला चिमणीची शाळेची गाडी दारात थांबली. ती किल्ली बोटात फिरवत थेट शेडमधेच आली.

“झाला?”

“झाला. उद्या सकाळी काढू.”

“कैची नीट बसली?”

“सरळ आहे. आरपार सळई घालून बघितली. केसभरही फरक नाही.”

“मग तोंड असं का? आई काही बोलली?”

“आई बोलल्या ना. त्या काय गप्प बसणार आहेत?”

चिमणीने चप्पल काढली आणि पेटीवर उडी मारून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. “उबदार आहे रे,” ती म्हणाली. “हिवाळ्यात हीच घेऊन झोपू.” मग किल्ली फिरवणं थांबवून म्हणाली, “मी एक ठरवलंय. ऐकून घे, मधे बोलू नको, फिरू नको, तो झाडू खाली ठेव.”

त्याने झाडू खाली ठेवला.

“परवाच्या शर्यतीत टाकीच्या वळणावर माझा पाय उचलला गेला ना, तर हे शेवटचं. गाडी देऊन टाकू कुणाला तरी. वर्षभर बघतेय मी. मनात ठरवते, उचलायचा नाही, आणि वळण आलं की पाय आपोआप वर. जसा काही माझा नाहीच तो. गेल्या वर्षी मी चुकले, ते त्या पायाने धरून ठेवलंय.” ती हसली, पण हसू पोचलं नाही कुठे. “चुकले ते चुकले. पण भीती घेऊन चढण्यात काय अर्थ आहे? डबे सांभाळते आहे तेच बरं.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भिंगरी शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला, खिडकीची कडी लावली, काढली, परत आला.

“तू चुकली नव्हतीस,” तो म्हणाला.

“राहू दे. समजूत नको.”

“समजूत नाही. मी झाकण उघडलं होतं.”

“कसलं झाकण?”

“तू बसली आहेस ते.”

मग त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, हातातला फडका पिळत. मूठभर झाकण, झुळूक, आवाज. तुटलेल्या तोंडाचा काळा अर्धा. सांगताना तो एकदाही जागचा हलला नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही, चिमणीच्या आलं.

ऊन खिडकीतून सरकत तिच्या गुडघ्यावर आलं.

“काळा होता,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“आणि तुला ते त्याच दिवशी कळलं.”

“हो.”

“आणि मी वर्षभर...” तिचा आवाज फाटला. “अरे, वर्षभर मी माझ्या पायाला दोष दिला! झोपेत दचकून उठायचे मी, तू पाणी आणून द्यायचास. पाणी! तोंडातून शब्द नाही काढला, पाणी आणून दिलंस!”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“तू परत माझ्या हातच्या गाडीत बसणार नाहीस याची.”

“आणि म्हणून मला माझ्याच पायाची भीती घातलीस.” तिने किल्ली भिरकावली. ती पान्यांच्या डब्यात जाऊन खणकन पडली. घराच्या खिडकीत सासूबाईंचं डोकं दिसलं आणि, आश्चर्य म्हणजे, एक शब्द न बोलता आत गेलं.

भिंगरीला वाटलं, आता ती उठून जाईल. ती उठली नाही.

“अजून आहे,” तो म्हणाला.

“अजून काय? गाडी विकलीस?”

“आज सकाळी परत आवाज आला. झाकण नाही उघडलं मी, आईची शपथ. पण शेवटच्या टाक्याआधीचं कडवं गाळलं. घाई केली. आता आत काय झालंय ते सकाळपर्यंत कळणार नाही.”

चिमणीने दोन्ही तळवे पेटीवर ठेवले, जणू आत कुणाचा ताप बघत होती.

“कुठलं कडवं?”

“आठवं.”

“म्हण.”

“आता?”

“आताच. वर्षभर गप्प होतास, आता म्हण.”

त्याने घसा साफ केला. आईच्या चालीत, हळू, त्याला यायचं तसं बेसूर:

आठवा माझा टाका गं, गाठ मारते शेवटली,
पांघरेल तिला सांगा, कुठं सुई चुकली.

म्हणून झाल्यावर तोच खाली बघायला लागला. एवढी वर्षं तो हे कडवं वेळ मोजायला म्हणत आला होता. आई गोधडी देताना खरंच सांगायची, इथे एक टाका उसवेल हं, लक्ष ठेव. लोक हसायचे. पण घेऊन जायचे तिच्याकडचीच.

“तुझी आई शहाणी होती,” चिमणी म्हणाली. “तू कुणावर गेलास देव जाणे.” आणि ती पेटीवर मांडी घालून नीट बसली. “मी इथून उठत नाही. तुझा भरवसा नाही मला. जेवणाचं ताट इथेच आण.”

अंधार पडल्यावर सासूबाईंनी लेकीला हाताला धरून घरात नेलं आणि जाताना पेटीच्या झाकणावर आपली जुनी शिलाई मशीन, तो लोखंडी धोंडा, जावयाकडूनच उचलून ठेवून घेतली. “आता उचला झाकण,” त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आठला मशीन उतरली. वाळू कोमट होती. एक्सल बाहेर काढला, ब्रशने झाडला. वरून सगळं चांगलं दिसत होतं, टाके एकमेकांवर रुपयांच्या चळतीसारखे कलंडलेले. गेल्या वर्षी भिंगरी इथेच थांबला होता. या वर्षी त्याने रॉकेलचा बोळा दोन्ही जोडांवरून फिरवला, वेळ जाऊ दिला, फडक्याने कोरडं ठणठणीत पुसलं आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळली. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडू ओला करतं.

तिघं वाकून बघत राहिली. डावा जोड पांढराशुभ्र राहिला. उजवाही. चिमणीने श्वास सोडला. भिंगरी म्हणाला, “थांब.”

तिने चमकून त्याच्याकडे बघितलं. हा शब्द त्याच्या तोंडून तिने क्वचितच ऐकला होता.

“जावईबुवा,” सासूबाई म्हणाल्या, “केस पडलाय तुमचा त्यावर.” आणि त्यांनी तो फुंकून उडवायचा प्रयत्न केला. केस उडाला नाही. उजव्या जोडावर, शेवटच्या टाक्याच्या टोकाला, नखाएवढी करडी रेघ उमटली होती आणि ती बघता बघता गडद होत होती.

मग चिमणीच बोलली, घाईघाईने, एखाद्या पोराने हट्टाची तयारी करावी तशी. “एवढीशीच तर आहे. नखाएवढी. चौऱ्याण्णव सेकंदांचा चढ आहे, भिंगरी. चौऱ्याण्णव सेकंद नाही निघणार? आज पाचला तपासणी आहे. त्यांना कुठे दिसणार आहे, ते काय खडू लावतात?”

“नाही.”

“कैची आहे की पाठीला. ती धरेल.”

“कैची पाठीला आहे. चीर बिडात आहे.”

“मी हळू घेईन वळणावर.”

“नाही घेणार तू हळू,” तो म्हणाला. “आता नाही घेणार. तुझा पाय आता उचलणार नाही, आणि उचलू पण नये. या एक्सलवर मी तुला बसवत नाही.”

“मी वर्षभर वाट बघितली!”

“माहीत आहे.”

“तू! तू मला थांब म्हणतोस? तुला चहा गार होईपर्यंत दम निघत नाही!”

“हो,” तो म्हणाला. “म्हणूनच तर झालंय हे.”

तिने पायातली चप्पल काढून शेडच्या पत्र्यावर मारली. मोठा आवाज झाला. मग ती गेली, तशीच, एका पायात चप्पल, फाटकापर्यंत. तिथे थोडा वेळ पाठमोरी उभी राहिली. तिच्या खांद्यांकडे बघत भिंगरी दारात उभा राहिला. त्याचा पाय पुढे झाला, मागे आला, परत पुढे झाला. जावं की न जावं. सासूबाईंनी त्याची बाही धरली.

“राहू द्या. येईल ती. चप्पल इथे आहे तिची.”

ती आली. डोळे लाल होते. वाकून चप्पल पायात घातली आणि विचारलं, “आज परत शिवला तर कधी निवेल?”

“उद्या संध्याकाळी.”

“आणि चढ उद्या सकाळी.”

“हो.”

“म्हणजे एकदम पुढच्या वर्षी.”

“हो.”

तिने खडूवरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. बोटाला रॉकेलचा वास लागला असेल; तिने ते हुंगलं. “मग बघत काय बसलास?” ती म्हणाली. “पेटव.”

त्याने शेवटचा टाका घासून काढला, चिरेच्या मुळापर्यंत, आणि चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळू नये. मग पुन्हा ज्योत, पुन्हा हळूहळू तापवणं, पुन्हा वाळू गरम करणं. दुपार झाली. जुना टाका निघाला होता, त्या जागी आठ बारके टाके घालायचे होते, आलटून पालटून, कडेकडून मधे. या वेळी गाणं चिमणीने म्हटलं. तिला शब्द नीट येत नव्हते. पहिलं आणि दुसरं तिने ऐकून ऐकून पाठ केलेलं, पुढचे त्याने मुखवट्याआडून एकेक पुरवले. चौथ्याला सासूबाईंनी मधेच चाल सुधारली. “असं नाही गं, दोरा ओढल्यासारखं म्हण.” सातव्या टाक्यानंतर त्याचा हात परत उतरायला लागला. त्याला दिसत होतं तो उतरतोय ते.

“ए,” चिमणी म्हणाली. “आठवं राहिलंय.”

हात वरच राहिला. तिने आठवं म्हटलं, सावकाश, दोन्ही ओळी, दुसरी दोनदा. मग तो खाली उतरला.

रविवारी सकाळी दहा वाजता डोंगराकडून गाड्यांचे आवाज यायला लागले. डोंगर घरापासून दूर, पण वारा तिकडून होता. चिमणी पेटीवर बसली होती, पाय खाली लोंबकळत. पेटी अजून उबदार होती. सासूबाई खुर्चीत डुलक्या घेत होत्या. भिंगरी शेडमधे फेऱ्या मारत होता. कान पेटीकडे, डोळे बायकोकडे. काल संध्याकाळपासून पेटीतून काही आवाज आला नव्हता. पण आला नाही म्हणजे नाहीच, असं आता तो धरून चालणार नव्हता. संध्याकाळ होईल, वाळू निघेल, खडू लागेल, मग बघू.

“हा गॅरेजवाला,” चिमणी दूरच्या आवाजावर म्हणाली. “दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना अडखळतो, ऐक. अडखळला बघ.” मग, “ही डॉक्टरीणबाई. ही टाकीपाशी पाय उचलणार. आता... उचलला.” आवाज मधेच बसका झाला आणि परत चढला.

मग डोंगरावर थोडा वेळ शांतता झाली. दोन गाड्यांमधली रिकामी जागा. तिचा नंबर इथेच असता.

चिमणीने डोळे मिटले. तिचा डावा हात हवेत हलला, मूठ पुढे, मूठ मागे. डावा पाय दाबला, सोडला. उजवा पाय पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर टेकला आणि हळूहळू दाबत गेला. भिंगरी जागीच थांबला. तिचं अंग किंचित उजवीकडे गेलं, पहिलं वळण. मग सरळ. मूठ मागे. आता चढ. आता शाळेची भिंत. आता टाकी.

तिचं डोकं डावीकडे कललं. ओठ घट्ट मिटले. भिंगरीची नजर तिच्या उजव्या पायाच्या टाचेवर खिळली होती, त्या एवढ्याशा, भेगाळलेल्या टाचेवर, आणि त्याला वाटलं, आपण श्वास घेतला तरी ती उचलली जाईल.

पाय उचलला गेला नाही. पाय आणखी दाबला गेला, इतका की पेटीचा पत्रा आत गेला.

टण्ण.

“काय वाजलं?” भिंगरी धावलाच. “आतून आलं का? काय वाजलं?”

“मी वाजले,” चिमणी डोळे न उघडता म्हणाली. तिचं वळण अजून संपायचं होतं. “बस खाली.”

ती सरकली. तो तिच्या शेजारी, उबदार पत्र्यावर, बसला. गुडघा हलत होता. तिने त्यावर हात ठेवला नाही. ती अजून चढत होती.